ठेचा पाहून लिहिलेलं शून्य

सारजाबाईंनी पहिल्यांदा 'आ' केला तेव्हा नंदा सिस्टर दोन पावलं मागे सरल्या. खंडाळ्याच्या घाटात एवढे बोगदे खणले, पण असा बोगदा कुणाला जमला नव्हता. आता आतून डेक्कन क्वीन शिट्टी मारत येणार आणि आपल्याला, हातातल्या बॅटरीसकट, थेट कर्जतला नेऊन उतरवणार, असं त्यांना वाटलं. गाडी आली नाही. आवाज आला.

"काय गं बाय, दात मोजतीस का? सात हायेत. त्यातला एक हालतोय, त्याला धरू नको."

साल चौऱ्याहत्तर. लोणावळ्याच्या त्या लहानशा इस्पितळात कॅन्सरचं औषध शिरेतून द्यायला नुकती सुरुवात झाली होती. औषध गाठीला मारी आणि जाताजाता तोंडही सोलून काढी. म्हणून रोज सकाळी बॅटरी लावून ओठ, गाल, हिरड्या, जिभेची खालची बाजू बघायची आणि तक्त्यात आकडा लिहायचा. काही नसेल तर शून्य, पाणीही गिळवेना तर तीन. आकडा एकाच्या वर गेला की पुढची सुई थांबवायची. हे काम नंदा सिस्टरांचं. त्यात त्या डॉक्टरांनासुद्धा लुडबुड करू देत नसत.

सारजाबाई मळवलीच्या वरच्या वाडीतल्या. छातीत गाठ, आणि तोंडाला विसावा नाही. आठवड्याभरात अख्ख्या वॉर्डाला त्यांच्या म्हशीची वंशावळ पाठ झाली. ती म्हैस आता व्यायला टेकली होती.

"सून लय गुणाची माजी. पर म्हशीनं कान हालवला तरी घरात पळती. सोमवारची सुई टोचा आन मला सोडा."

शनिवारी सकाळची तपासणी झाली आणि दुपारपासून सारजाबाई गप्प झाल्या. हे सिस्टरांच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं आणि चक्क बरं वाटलं. पुढे जन्मभर त्यांना टोचत राहिलं ते हेच.

रविवारी सिस्टरांची सुट्टी, त्यामुळे तोंड कुणी पाहिलं नाही. सोमवारी सकाळी नवरा शिदू भाकरी घेऊन आला. सारजाबाई ताठ बसल्या, हिरव्यागार ठेच्याचा घास करून तोंडात घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मावशी, तोंड कसं आहे?"

"बेस," घास गालात धरून सारजाबाई म्हणाल्या.

नंदा सिस्टर सुदुंबऱ्याच्या. त्यांच्या घरी आजारी माणसानं ठेचा मागितला की वैद्याला निरोप जाई, येऊ नका. बॅटरी खिशातच राहिली. शून्य लिहायला शाई काही फार लागत नाही.

सुई दिली. बुधवारी घरी सोडायचं होतं. बुधवारी तोंड उघडेना. जीभ, गाल, सगळं सोललेलं. पाण्याच्या घोटाला सारजाबाई चादर मुठीत धरत.

अठरा दिवस सिस्टर दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या पाण्यात बुडवलेला बोळा त्यांच्या तोंडात फिरवत होत्या. पाळी संपली तरी घरी जात नव्हत्या. चूक त्यांनी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शब्द फुटायला लागल्यावर त्यांनी सारजाबाईंनाही सांगितलं, "मावशी, त्या दिवशी मी बॅटरी लावली नव्हती."

"म्यां तरी कुटं खाल्लं? तुजी पाठ फिरली आन घास पदरात थुकला. तोंड शनवारीच गेलतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सुई थांबिवली नसतीस व्हय?"

"थांबवलीच असती!"

"मंग!" सारजाबाई म्हणाल्या. जणू सिस्टरच पकडल्या गेल्या होत्या.

वॉर्ड हसला. सिस्टरांना हसू आलं नाही. म्हातारीनं माणसाला फसवलं, ठीक आहे. बॅटरीला ती कशी फसवणार होती? अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

सारजाबाई पुढच्या वर्षी त्या मूळच्या गाठीनंच गेल्या. म्हैस त्यांची वाट न बघता, त्या अठरा दिवसांतच व्याली होती. सुनेनं एकटीनं निभावलं. रेडा झाला होता.