आबांच्या अल्बममधली भोकं

माझ्या बापाने चांगल्या चांगल्या फोटोंची पार वाट लावून ठेवली आहे.

आज आबांची पुण्यतिथी. संध्याकाळी सगळे जेवायला येणार, म्हणून धाकट्या भावाचं फर्मान आलं, "ताई, तू घरीच आहेस. कॉम्प्युटरवर मस्त स्लाइडशो कर. म्युझिक टाक. टीव्हीवर लावू."

घरीच आहेस म्हणे!

सकाळपासून बसलेय. अख्खा अल्बम स्कॅन केला. जिथे बघावं तिथे भोक.

सांगते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. झरीजवळच्या आमच्या गावात तेव्हा कॅमेरा फक्त आबांकडे. शेतकरी माणूस, पण पोळा असो की बारसं, गळ्यात कॅमेरा असायचाच.

सगळ्यांना ओळीत उभं करायचं, कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि पळत जाऊन स्वतः ओळीत घुसायचं. शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा.

मग गावात कुणी गेलं की घरचे आमच्या दारात. हार घालायला फोटो हवा आणि त्यांच्याकडे एकही नाही.

आबा मायची शिवणाची कात्री घ्यायचे आणि गेलेल्या माणसाला ग्रुप फोटोतून गोल कापून द्यायचे.

माय ओरडायची, "आवो, आख्खा फोटो खराब करायलाव तुमी!"

"त्यांची भिंत मोकळी हाय. आपल्याला काय करायचं ठेवून?"

निगेटिव्हचं विचारू नका. डब्यात एकमेकींना चिकटून त्यांचा पापड झालाय.

तर आता माझा स्लाइडशो असा. आबा हसतायत, शेजारी भोक. आबांचा हात कोपरापासून गायब, कारण खांद्यावरचा हातही त्या तुकड्याबरोबर गेला.

सॉफ्टवेअर तर त्याहून दिव्य. आपोआप झूम करतं, तेही नेमकं भोकावर. वरून गुलाबाच्या पाकळ्या उडवतं.

एकट्याचा फोटो? छे! "एकट्याचा फोटो हार घालायलाच काढतेत," म्हणायचे. भिंतीवरचा आहे तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात नाक कुठलं आणि मिशी कुठली, कळत नाही.

नामांतर झालं त्याच वर्षी आबा गेले. नातवंडांनी त्यांना पाहिलेलंच नाही.

मला पोरांना त्यांचा आजोबा पूर्ण दाखवायचा होता. एकच फोटो, दोन्ही हातांसकट. फार मागत होते का?

शेवटी वैतागून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आबांनी कापून दिलेले फोटो कुणाच्या भिंतीवर असतील तर पाठवा.

यायला लागले.

कुणाची आजी, कुणाचे मामा. काचेवर कुंकू, वाळलेले हार.

आणि एकेकाच्या खांद्यावर एक हात. मनगटाला चामडी पट्ट्याचं घड्याळ.

आबांचा हात. गावभर पसरलेला. मला रडायलाच आलं.

शेवटचा फोटो मानवतहून आला. किसनकाकांच्या मुलाने पाठवला होता. किसनकाका आबांचे जिवलग दोस्त, आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतले. नामांतरावरून गाव तापलं तेव्हा वस्तीशी जाणं-येणं, बोलणं सगळं बंद झालं होतं. फोटो त्याच दिवसांतला, शाळेतल्या झेंडावंदनाचा.

मायला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली.

"तवा लोक लय बोलले. म्हणले, खांद्यावरला हात काढा. न्हाई काढला."

मग म्हणाली, "किसन गेला तवा हेच कापायला बसले. म्या म्हणलं, आवो, तुमचा हात तरी वगळा की. तर म्हणले, राहू दे किसनपाशी."

मी अल्बममधले आबा घेतले. किसनकाकांचा फोटो लहान करत करत शेजारच्या भोकात बसवला. कोपराला कोपर जुळलं.

कात्रीची रेघ दिसते. दिसू दे.

त्या स्लाइडचा झूम बंद केला. पाकळ्या काढल्या. म्युझिकही काढलं.

आबा, तुमच्यापायी माझा अख्खा दिवस गेला. डोळ्यांची आग होतेय, स्वयंपाक अजून व्हायचाय आणि तुमचा लेक मगाचपासून विचारतोय, "झालं का?"

झालं. दोन्ही हातांसकट.

आबा आणि किसनकाका, तुम्हा दोघांना तुमच्या लेकीचा नमस्कार.