चित्रमामांची भरलेली कावेरी

शेवटची काही वर्षं चित्रमामा कुणाच्याही घरी गेले, की समोरच्या भिंतीकडे पाठ फिरवून बसत. त्या भिंतीवर हमखास त्यांचंच चित्र असे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत मराठी घरात लग्न ठरलं, की आहेरात चित्रमामांची कावेरी यायचीच. तिरुवैयारुच्या घाटाला टेकलेली, काठोकाठ भरलेली, निळीशार. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचे.

या चित्रांची त्यांना लाज वाटू लागली ती साठीनंतर. नातवाचं जावळ काढायला सगळे दूर दक्षिणेला तिरुचेंदूरच्या देवळाकडे निघाले होते आणि गाडी बिघडली ती नेमकी तेरीपाशी. तेरी म्हणजे तांबड्या वाळूचं वाळवंट. लांबवर उंचवटे, मधूनच एखादा वाकलेला ताड. बाकीचे सावलीत ताडगोळे खात बसले, मामा वाळूत उतरले ते मामी हाका मारून दमल्या तरी येईनात. आले ते रुमालात वाळू बांधूनच.

"पाण्याचा थेंब नाही, पण रंग किती गे!" ते आईला सांगत होते. "वारा आला की टेकडी सरकते. पाहात बसलों."

मग छत्री आणि दहीभाताचा डबा घेऊन त्यांच्या तेरीच्या वाऱ्या सुरू झाल्या. एरवी भिडेखातर त्यांची स्तुती करणारी मी त्या नव्या चित्रांसमोरून हललेच नाही. जांभळ्या सावल्या, पेटल्यासारखी वाळू. म्हातारा एकदम तरुण झाला होता.

एका उन्हाळ्यात मात्र तेरीहून परतल्यावर तिरुवैयारुला जाताना कावेरीच्या पुलावरून त्यांनी खाली पाहिलं. खालीही वाळूच.

"उन्हाळाभर ही अशीच असते," ते घरी येऊन म्हणाले. "जन्मभर वाळूसमोर बसून मी पाणी काढलों. सगळं खोटं!"

मग ते घरोघर आपली चित्रं परत मागत हिंडू लागले. "ते द्या, बदली खरं देतों." लग्नातली भरली नदी देऊन कोरडी वाळू कोण घेणार? लोक कॉफी पुढे करून विषय बदलत. मामा मान खाली घालून, भिंतीकडे पाठ करून ती कॉफी पीत.

शेवटी ते आमच्याकडे आले. आईनं चित्र उतरवून त्यांच्या हातात दिलं. मामा हरखले, गुंडाळायला कापडही काढलं. तेवढ्यात चित्रातल्या खालच्या पाण्यावरचे पिवळे-तांबडे डाग त्यांना दिसले.

"हे काय गे?"

"आडीच्या अठराव्याचं हळदकुंकू, अण्णा." आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी आमच्या बायका नदीवर जाऊन कावेरीची पूजा करतात. "नदीत पाणी नव्हतं त्या वर्षी. नळाला कुंकू लावायला मन होईना. हिलाच पुढे ठेवलों. गल्लीतल्या सगळ्या आल्या होत्या."

मामांचा चेहरा पडला. "आणि मी हिला खोटी म्हणत दारोदार फिरलों," ते पुटपुटले. "लाज वाटते गे." त्यांनी स्वतःच चित्र पुन्हा खिळ्याला लावलं. जाताना वर मान करून पाहण्याचाही त्यांना धीर झाला नाही.

माझ्या लग्नात मी त्यांच्याकडे हट्टानं तेरी मागितली. "लग्नाला वाळू?" म्हणत त्यांनी ती जुन्या धोतरात झाकून, कुणाला दिसू नये अशी आणून दिली. पुढच्या आडीआधीच ते गेले.

त्या आडीला आई माझ्याकडे चेन्नईला होती. पूजेचं ताट घेऊन ती तेरीसमोर उभी राहिली आणि तांबड्या वाळूला तिनं कुंकू लावलं.

"ही पण कावेरीच की," ती म्हणाली. "अण्णाला सांगायचं राहिलं."