गिरणीचं दार

माझ्या टेबलावर एक छोटी रेल्वे धावते. तिच्या रुळांशेजारी मी पुठ्ठ्याची कापडगिरणी उभी केली. तयार इमारती विकत मिळतात. मला मात्र बाबांची, आता पाडून टाकलेली गिरणी हवी होती. जुने फोटो पाहून मी करवतीच्या दातांसारखं छप्पर केलं, चिमणीवर विटांच्या रेघा ओढल्या, मालडब्यांसाठी धक्का बांधला. तरी काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

शेवटी बाबांना बोलावलं. चष्मा पुसून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

“छान झालीय. पण माणसांनी आत कुठून जायचं?”

मी चमकले. मालासाठी दोन मोठी दारं केली होती. कामगारांचं दार केलंच नव्हतं. मी कटर उचलला. “कुठे कापू, बाबा?”

त्यांचं बोट भिंतीवरून फिरत राहिलं. “इथं. नाही, थांब... इथं?” तीस वर्षं त्या दारातून ये-जा केलेल्या माणसाला ते सापडेना. ते कावरेबावरे झाले. रोजच्या जागा आपण कधी पाहतच नाही की काय, या विचाराने मीही अस्वस्थ झाले.

मग बाबा उठले. डोळे मिटून त्यांनी खोलीत काही पावलं टाकली, डावीकडे वळले आणि एका जागी मान खाली घातली.

“चिमणीच्या पुढे, डाव्या हाताला,” ते म्हणाले. “बुटकं कर. वाकावं लागायचं.”