आईंची मोरी आणि माझे साडू

माझ्या साडूंनी आयुष्यात एकाही मिस्त्रीला आपल्या घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही, आणि आयुष्यात एकही वस्तू सरळ बसवलेली नाही. या दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानाने सांगतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजाराच्या एका गल्लीत त्यांचं छोटंसं दुमजली घर आहे आणि त्या घरातला खिळा न खिळा त्यांनी स्वतः ठोकलेला आहे. बैठकीतल्या घड्याळात वेळ बघायची तर मान जरा डावीकडे कलती करावी लागते. स्वयंपाकघराचं दार उघडण्याआधी थोडं वर उचलावं लागतं, हे पाहुण्यांना चपला काढतानाच सांगून ठेवतात. जिन्यातला दिवा लावायचा तर पंख्याचं बटण दाबायचं. पंखा लावायचा तर साडूंनाच हाक मारायची. कोणी यावर बोललंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "मिस्त्री लोकं काय वरून शिकून आले आहेत का? त्यांना पण दोनच हात आहेत न." असा साडू लाभलेल्या माणसाला आपल्या सरळ घराचा गर्व वाटायला हवा. मला मात्र या माणसाचा हेवा वाटतो, चांगला सणसणीत वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे लपवत बसायला नको.

हेव्याचं मूळ आमच्या घरातच आहे. माझी बायको ही त्यांची धाकटी मेहुणी. आमच्याकडे नळ ठिबकला की मी फोन करतो, माणूस येतो, नळ दुरुस्त होतो आणि कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. साडूंनी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात फळी लावली. ती फळी एका टोकाने सुटली आणि तिच्यावरचा पितळेचा डबा घरंगळत येऊन नेमका माझ्या बायकोच्या डोक्यावर पडला. चांगलं टेंगूळ आलं. त्या टेंगळाला बर्फ लावता लावता ही म्हणते कशी, "काही म्हणा, भावजींनी स्वतः लावली आहे न फळी. कोण करतं आजकाल इतकं?" मी बर्फ आणायला गेलो होतो, पण ते काही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. खरी गाठ पडली ती आईंच्या मोरीवरून. आई म्हणजे आमच्या सासूबाई. माझी आई मी फार लहान असताना गेली; 'आई' अशी हाक मारायला मला मिळाली ती लग्नानंतर, आणि ती या बाईंमुळे. जावई म्हणून त्यांनी मला कधी पाटावर बसवून ठेवलं नाही. पहिल्याच दिवाळीला तेलाची वाटी पुढे सरकवून म्हणाल्या होत्या, "लाजताय काय, पाठ इकडे करा." त्या आई दौलतगंजात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मुलगा बंगळुरूला, पण ग्वाल्हेर सोडायला त्यांची तयारी नव्हती. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, जिने बंद होणार होते, आणि मुलींपैकी कोणाकडे तरी राहायला येणं भाग होतं. दोघी मुलींनी आग्रह केला, दोघा जावयांनी केला. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "जिथली मोरी मला जमेल, तिथे राहीन. अंघोळ माझी मी करणार. मला दुसऱ्यानं अंघोळ घालायची, ती एकदाच, शेवटी." आम्ही दोघे जावई आपापल्या घरी गेलो आणि आपापल्या बाथरूमकडे बघत उभे राहिलो.

आमच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची बाथरूम मी पूर्ण उखडून नवी करायला दिली. ठेकेदार चांगला होता, वेळेवर येणारा होता, आणि मी ठरवलं होतं की या वेळी हात आखडायचा नाही. चकचकीत काळ्या टाइल, काचेचं दार, आणि डोक्यावर ताटाएवढा मोठा शॉवर. खाली एक कपडे धुवायचा दगड होता, तो ठेकेदार म्हणाला जुनाट दिसतो, तेव्हा तो काढून टाकला. कामाच्या दिवसांत मी रोज ऑफिसातून येऊन दारात उभा राहायचो आणि मनातल्या मनात साडूंच्या मोरीशी तुलना करून सुखी व्हायचो. बायको म्हणालीसुद्धा, "छान झाली आहे हो." 'स्वतः केली' हे शब्द त्यात नव्हते, तेवढंच खुपलं.

तिकडे साडूंनी रजा टाकून छिन्नी उचलली होती. दौलतगंजातल्या दुकानांमधून त्यांनी उरल्यासुरल्या टाइल गोळा करून आणल्या. स्वस्तात मिळाल्या, पण कोणतीही ओळ शेजारच्या ओळीला ओळखत नव्हती. आपल्या हातोडीने टाइल फुटतात असं लक्षात आल्यावर सराफ्यातल्या एका ओळखीच्या सोनाराची इवलीशी हातोडी मागून आणली आणि नथ घडवावी तसे ते एकेक टाइल ठोकत बसले. सगळं झाल्यावर पाणी ओतून बघितलं, तर पाणी जाळीकडे जायचं सोडून थेट बैठकीत आलं. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. साडूंनी दारात एक उंच पट्टी घातली आणि पाणी अडवलं. मग संध्याकाळी त्यांच्याच लक्षात आलं की या पट्टीला आईंचा पाय अडखळेल. सकाळी पट्टी फोडली आणि तिच्याबरोबर सगळी जमीनही. मी गेलो तेव्हा त्यांची कॉलेजातली मुलगी दारातच भेटली. "काका, पापांनी फिर से तोड़ दिया. पूरा का पूरा." मी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला. परतताना गल्लीच्या तोंडाशी मी गरम जिलबी खाल्ली, ती आनंदानेच खाल्ली.

हा आनंद पुढच्या रविवारपर्यंत टिकला. त्या सकाळी मी सहज डोकावायला गेलो, म्हणजे अजून काय बिघडलंय ते बघायला गेलो. दार उचलून आत शिरलो, तर मोरीत माझे साडू आईंचं जुनं नऊवारी नेसून उभे. डोक्याला टक्कल, ओठावर मिशी आणि कमरेला ओचा. उजव्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून वरून टॉवेल करकचून बांधलेला, म्हणजे गुडघा वाकू नये. ते त्या अवतारात लंगडत चौरंगापर्यंत जात होते, बसत होते, तांब्याने अंगावर खोटं पाणी घेत होते आणि मग भिंत चाचपत उठायचा प्रयत्न करत होते. माझी थोरली मेहुणी दाराशी खडू घेऊन उभी होती. उठताना त्यांचा हात जिथे आपोआप जाई तिथे ती भिंतीवर खूण करत होती. मला पाहून साडू जराही ओशाळले नाहीत. "या साडूभाऊ. लुगडं नेसल्याशिवाय कळत नाही बघा, ओला काष्टा किती भारी होतो ते. आणि धुवायचा दगड खाली ठेवून काय फायदा? आई वाकणार कशा? तो मी कमरेइतका उंच करून राहिलो आहे." मी हसलो, पोट धरून हसलो. पण घरी जाताना मला आमचा तो काढून टाकलेला दगड आठवत होता. आईंनी स्वतःचं लुगडं आजवर कोणाला धुऊ दिलेलं नाही, हे मलाही ठाऊक होतंच की.

ऑपरेशनच्या आधी आई दोन्ही मोऱ्या बघायला काठी टेकत आल्या. आमच्याकडे त्यांनी काळ्या टाइलवर काठीचं टोक ठेवलं, ते सर्रकन सरकलं. वर बघून म्हणाल्या, "हा पाऊस फार छान आहे हो, जावईबापू. पण पावसात स्तोत्र कसं म्हणायचं? तोंडात पाणी जाईल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आल्या. हात बराच वेळ तिथेच होता. त्या हातावरूनच मला निकाल कळला होता.

साडूंच्या मोरीत त्या चौरंगावर बसल्या, दगडावर हात फिरवला, वाकड्या टाइलांकडे बघून हसल्या. उठताना भिंतीवरच्या स्टीलच्या दांडीला हात घातला. ती दांडी सरळ होती. त्या घरात सरळ वस्तू बघायची कोणालाच सवय नाही, त्यामुळे आम्ही सगळे तिच्याकडेच बघत राहिलो. आईंनी विचारलं, "ही पण तुम्हीच ठोकली का?" साडू आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले. "नाही आई. मिस्त्री बोलावला होता." मग दांडी एकदा हलवून बघत पुढे म्हणाले, "बाकी वाकडं-तिकडं चालून जातं. याच्यावर तुमचा भार येणार. माझ्या हातावर मी माझा भार टाकीन, तुमचा नाही."

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा आजवर कधी वाटला नव्हता. मी तर सगळंच मिस्त्रीकडून करून घेतलं होतं, पण दांडी लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आई आता त्यांच्याकडे असतात. गुडघा बरा आहे. अंघोळ चालू असताना दाराशी कोणी ताटकळत उभं राहायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून साडू रोज त्या वेळी मोरीच्या दाराबाहेर बसून मिक्सर दुरुस्त करतात. तो मिक्सर कधी बिघडलेला नव्हता. आता मात्र बिघडला आहे. आमची बाथरूम अजून नवी कोरी आहे. पाहुणे आले की मी ती दाखवतो आणि सगळे छान म्हणतात.

रविवारी सकाळी मी खासगी बाजारात जातो. साडू मला बघून सरकून जागा देतात आणि म्हणतात, "पेचकस धरा जरा." मी तो स्क्रूड्रायव्हर धरतो. आतून तांब्याचा आवाज येतो, मग स्तोत्र, मग दगडावर आपटलेल्या लुगड्याचा आवाज. सगळ्यात शेवटी आईंच्या हातातली पाटली दांडीवर वाजते, म्हणजे त्या उठल्या. तेवढा वेळ आम्ही दोघेही मिक्सरकडे बघत असतो. मग दार उघडतं, आणि आई आम्हा दोघांना ओळीने बसलेलं बघून म्हणतात, "तुम्हा दोघांना काही कामधंदा नाही का?" हेवा अजून तसाच आहे. तो घेऊन मी दर रविवारी जातो आणि पेचकस धरून बसतो.