पासवर्ड विसरलेल्यांसाठी

सेतुमाधवरावांनी रुग्णालयातल्या खाटेवरून फोन माझ्यापुढे धरला. "कुलकर्णी सार, हे माझं नव्हे." आमची ती शेवटची भेट. त्याच आठवड्यात त्यांच्या घरून वहिनींचा फोन आला...

त्यांच्या फोनवर एक ईमेल होती. अण्णा नगरातल्या आमच्या लहानशा कंपनीने एका रक्त तपासणी केंद्राची वेबसाइट केली होती. पासवर्ड विसरलेल्याला तो बदलायची ईमेल जायची. ज्या तयार सांगाड्यावर, फ्रेमवर्कवर, आम्ही वेबसाइट उभी करतो, त्यात ती तयारच असते, कोरड्या इंग्रजीत. रिपोर्ट बघणारी निम्मी माणसं म्हातारी; ती वाचून घाबरायची. म्हणून सेतुमाधवरावांनी ती तमिळमध्ये लिहिली. ते तंजावरकडचे मराठी, वेस्ट मांबलमला वाढलेले. घरी बोलायचे मराठी, लिहायचे तमिळ. इतकी वर्षं चेन्नईत राहून मला तमिळ वाचता येत नाही, म्हणून त्यांनी अर्थ सांगितला : विसरणं होतंच. भिऊ नका. खालचं बटण दाबा. तुम्ही हे मागितलं नसेल तर काही करू नका, जेवून निजा.

"जेवून कशाला?" मी विचारलं.

"माझी आई असंच म्हणायची. तुम्ही पुण्याचे लोक आल्यागेल्याला जेवलात का विचारत नाही, तुम्हाला कळायचं नाही पा!"

एका आजींनी तर पासवर्ड आठवत असूनही ती ईमेल पुन्हा मागवली होती.

चूक एकच झाली. अशा ईमेलची प्रत आपल्या फोल्डरमध्ये काढून मग ती बदलायची असते. त्यांनी घाईत, चालू सर्व्हरवर, थेट फ्रेमवर्कच्याच फाइलमध्ये लिहिलं. फ्रेमवर्क अपडेट केलं की त्या फाइल नव्याने उतरतात, आधीचं पुसलं जातं. मी त्यांना टोकलं आणि वर म्हणालो, "राहू द्या, मी हलवतो." चहा पिता पिता होणारं काम. मी ते उद्यावर टाकत राहिलो. ते आजारी पडले, अपडेट माझ्याकडे आलं, मी ते केलं. आठवलंसुद्धा नाही. फ्रेमवर्कचं फोल्डर आम्ही बॅकअपमध्येही घेत नव्हतो. केव्हाही पुन्हा उतरवता येतं म्हणून.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आपलीच ईमेल मागवली होती... आली ती इंग्रजी.

"परत लिहू," मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी कुणाकडून तरी टाइप करून घेतो."

"आता आठवेना हो," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "त्यांनी लिहिलेलं ते एकदा दाखवाल?" मी सगळीकडे विचारलं. पासवर्डच्या ईमेल कुणी जपत नाही. मीही पुसल्या होत्या. शेवटी मला आठवत होता त्या अर्थाचं एका सहकाऱ्याकडून तमिळ करून घेतलं, यावेळी योग्य फोल्डरमध्ये ठेवलं आणि वहिनींना नेऊन दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग फोन परत दिला आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

ऑफिसात त्यांची खुर्ची अजून माझ्या शेजारी आहे. कुणी नसलं की मी 'पासवर्ड विसरलात?' दाबतो. ईमेल लगेच येते. तमिळ अक्षरं. मला ती वाचता येत नाहीत, म्हणून क्षणभर ती त्यांचीच वाटतात.