कानवाल्या बाई

बारा मार्चच्या सकाळी त्या विमानात एकशे त्र्याहत्तर जीव बसायचे होते. बसले एकशे एकाहत्तर.

पासपोर्ट तपासणाऱ्या त्या अधिकारी बाईंना सहकारी ‘कानवाल्या बाई’ म्हणत. चेहरा वयानुसार बदलतो, कानाची ठेवण बदलत नाही, या भरवशावर त्यांची नोकरी उभी होती. त्या दिवशी एक तरुणी चार वर्षांच्या मुलीला घेऊन काउंटरवर आली. मुलीचा पासपोर्ट तान्हेपणीचा. फोटोतल्या इवल्याशा कानांवरून काही ठरेना. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“बाळ, ही तुझी कोण गं?”

“मावशी.”

तरुणीचा चेहरा उतरला. “मॅडम, आईच आहे हो मी हिची. परदेशात नोकरीला होते, माझ्या बहिणीनं वाढवलं हिला. तिलाच ही आई म्हणते. आता न्यायला आलेय.”

“अशी कहाणी सगळ्यांकडे तयार असते,” म्हणत बाईंनी दोघींना आतल्या खोलीत बसवले.

जन्मदाखला पडताळला, बहिणीला फोन लावला. सारे खरे निघाले. तोवर विमान उडाले होते.

“मी चुकीचं बोलले का?” मुलीने बाईंनाच विचारले.

मूल पळवणारेही असेच गयावया करतात, हे बाईंनी पाहिले होते. नियमाने त्यांचे काही चुकले नव्हते. म्हणून त्यांनी पासपोर्ट परत दिले आणि दार उघडले.

मुलीला उत्तर मिळालेले नाही. तिच्या आईची माफीही कोणी मागितलेली नाही.