दशरथने खळ्यावर पोतं धरलं नाही

दशरथ गेल्याचा फोन आला, तेव्हा दवाखान्याच्या कमिटीचे हल्लीचे सचिव मला म्हणाले, "गुरुजी, शोकसभेचे अध्यक्ष तुम्हीच. आणि तुमच्या त्या धानाच्या योजनेवर दोन शब्द बोला, लोकांना आवडतं." मी हो म्हणालो. सभेत दशरथच्या फोटोला हार पडला आणि मला शाल मिळाली. ज्याचं चोरलं त्याच्याच शोकसभेत ते मिरवायची संधी फार थोड्यांना मिळते... मला मिळाली, आणि मी ती सोडली नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

सडक अर्जुनीच्या पुढे, महामार्ग सोडून आत, आमचा लहानसा धर्मादाय दवाखाना. दशरथ तिथे कंपाउंडर. दोन हजार सालानंतर बाहेरची मदत आटली, डॉक्टर निघून जायच्या बेतात आले आणि बाळंतपणाची खोली बंद करायची वेळ आली. ती बंद झाली असती तर जंगलपट्टीतल्या बायकांना थेट गोंदिया गाठावं लागलं असतं, आणि सगळ्या काही पोचल्या नसत्या. हे वाचवायला कमिटी होती. अध्यक्ष राइस मिलवाले. त्यांनी दवाखान्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं होतं आणि त्यावर स्वतःचं नाव आकड्यांपेक्षा मोठं लिहून घेतलं होतं. दोन ठेकेदार. काही जण निव्वळ चहापुरते. आणि सचिव मी, निवृत्त हेडमास्तर. ठरलं असं की मळणी चालू आहे, तर खळ्याखळ्यावर जाऊन दवाखान्यासाठी धान मागायचं. जायचं कोणी? अध्यक्षांना धुळीचा त्रास, ठेकेदारांना वेळ नाही. मी दशरथला बोलावलं आणि म्हणालो, "तू जा रे. खळ्यावर कसं मागायचं ते तुमच्या लोकांना बरोबर माहीत असतं."

अध्यक्ष हसले. मीही हसलो.

दशरथ म्हणाला, "गुरुजी, माहा बाप खळ्यावर पोतं धरून उभा राहे. रास मोजून झाली का खाली सांडलेलं त्याले मिळे. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आला आन त्याच हंगामात त्यानं ते पोतं जाळलं. मी आठ वर्षांचा होतो. मी नाही जात."

"अरे भाई, काम तो काम है, इसमें शरम कैसी?" अध्यक्ष म्हणाले. स्वतःच्या मिलमध्ये सांडलेला दाणाही न सोडणारा माणूस हे सांगत होता.

"मंग तुमी चाला ना शेटजी," दशरथ म्हणाला. "पोतं मी देतो." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "मांगाले काऊन जाता? व्हरांड्यात धानाची ढोली ठेवा. ज्याचा पेशंट बरा झाला तो आपल्या मनानं आणून टाकन."

त्याची पाठ फिरल्यावर मी बैठकीच्या वहीत लिहिलं: 'दशरथ यांनी संस्थेच्या कामास नकार दिला.' त्या एका ओळीच्या आधारावर त्याला पुढे कधी कायम केलं गेलं नाही. अक्षर माझं होतं, वळणदार, शाळेत फळ्यावर काढायचो तसं.

मग कमिटी जीपने खळ्यावर गेली. लोकांनी पोचट धान घातलं, काहींनी तर नुसता कोंडा. मिलवाल्याला कोण धान देणार? दोन दिवसांत सगळ्यांची हौस फिटली. तेव्हा मी बुरडाकडून बांबूची ढोली, म्हणजे धान साठवायची मोठी कणगी, करून आणली, शेणाने सारवून घेतली आणि व्हरांड्यात ठेवली. दशरथचं नाव कुठेच काढलं नाही. पहिलं धान एका गोंड म्हातारीने आणलं, सून सुखरूप सुटली म्हणून, टोपलीभर, डोक्यावरून. महिन्याभरात ढोली भरली. ते धान विकून पगार निघाले; डॉक्टर राहिले, खोली राहिली. वार्षिक कार्यक्रमात अध्यक्षांनी 'गुरुजींची योजना' जाहीर केली आणि मी मान खाली घालून, नम्र दिसत, बसून राहिलो. वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत त्या योजनेवर मी लेखही लिहिला होता. वाचकांनी तो आता खोटा समजावा.

पुढे काही वर्षांनी एकदा दशरथला विचारलं, "तू कधी बोलला कसा नाहीस?"

तो बाटल्या पुसत होता. "बोललो असतो तं लोकाइले कळलं असतं का ढोली कोनाच्या डोक्यातून निघाली. मंग तिच्यात कोनी धान टाकलं असतं का? तुमचं नाव आहे म्हनून भरून राहिली. तुमचा तेवढाच उपयोग आहे गुरुजी." हे तो चेष्टेने म्हणाला असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो.

परवा पायाला लागलं म्हणून मलमपट्टीच्या खोलीत गेलो. टेबलाशी नवी नर्स होती. माझ्यापुढे एक मोळीविक्या होता, उघडा, घामाने भिजलेला. ती त्याला म्हणाली, "या, बसा." मग मलाही तेच, त्याच आवाजात. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "दशरथकाकांनी. ते म्हनत, या खोलीत कोनालेच अरे-तुरे नाही." मी तिथे सचिव असताना या खोलीत शेकडो वेळा आलो असेन, आणि दरवेळी दारातूनच ओरडलो असेन, "अरे दशरथ..."

हा लेखसुद्धा मी 'तो गेला', 'तो म्हणाला' असाच लिहून काढला. वाचून पाहताना ध्यानात आलं. 'तो'चं 'ते' करायला घेतलं, दोन ओळी केल्याही. मग खोडल्या. मी त्यांना जसं वागवलं, तसंच हे छापून यावं.